कार-टी उपचार स्वस्त झाला, पण कोणासाठी?



आपल्या शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक पोस्ट अधूनमधून फिरत असते. "कॅन्सरवर भारतीय औषध सापडलं! एकच इंजेक्शन आणि कॅन्सर कायमचा गायब!" खाली आयआयटीचा फोटो, तिरंगा आणि जोडलेले हात. पोस्ट पूर्ण खोटी असती तर बरं झालं असतं, डिलीट करून मोकळं होता आलं असतं. पण ती अर्धी खरी आहे, आणि अर्धं खरं समजावून सांगायला जास्त वेळ लागतो. परवा एका पालकांनी शाळेच्या फाटकापाशी थांबवून मला हेच विचारलं, "सर, आता कॅन्सरचं काही भ्या राहिलं नाही म्हणं?" त्यांना दोन मिनिटांत जे सांगता आलं नाही ते इथं लिहितो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. हे संशोधन आपल्या महाराष्ट्रात झालं याचा मला अभिमान आहे आणि तो वर्गात सांगण्यासारखा आहे. पण "स्वस्त झालं, स्वस्त झालं" असं जे बोललं जातं, ते हिंगोली जिल्ह्यातल्या शेतकऱ्याच्या घरातून पाहिलं तर खरं वाटत नाही. आणि आपण ज्या वयाच्या लेकरांना शिकवतो त्यांच्यासाठी तर यात आणखी एक अडचण आहे, जिच्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही.

घटना नेमकी काय?

४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी पवईच्या आयआयटी मुंबईत 'नेक्सकार-१९' या उपचाराचं लोकार्पण केलं. त्याआधी ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेनं त्याला मान्यता दिली होती. आयआयटीतले प्राध्यापक राहुल पुरवार आणि त्यांचे सहकारी, परळ-खारघरचं टाटा मेमोरियल सेंटर, आणि आयआयटीतूनच २०१८ मध्ये निघालेली 'इम्युनोॲक्ट' ही कंपनी, अशा तिघांचं हे काम. टाटाकडून डॉ. गौरव नरुला आणि डॉ. हसमुख जैन यांची नावं यात येतात. पहिल्या रुग्णाला हा उपचार खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये ४ जून २०२१ रोजी दिला गेला. म्हणजे आपण सगळे कोरोनात शाळा बंद म्हणून मोबाईलवर अभ्यास पाठवत होतो, तेव्हा तिकडं हे चालू होतं.

टाटा हॉस्पिटल आपल्याकडं कोणाला माहीत नाही असं गाव सापडणार नाही. १९४१ साली सुरू झालेलं, पुढं केंद्र सरकारकडं आणि १९६२ पासून अणुऊर्जा विभागाकडं आलेलं हे रुग्णालय. "टाटाला नेलं" एवढं म्हटलं की पुढचं विचारावं लागत नाही.

पेशींची शाळा

आता मुख्य गोष्ट. हे इंजेक्शन कारखान्यात बाटल्या भरून तयार होत नाही. हे औषध म्हणजे रुग्णाच्याच शरीरातल्या पेशी असतात.

आपल्या रक्तात तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि बिंबिका असतात हे आपण शिकवतोच. पांढऱ्या पेशींतही प्रकार आहेत. त्यातल्या बी पेशी प्रतिपिंडं तयार करतात. टी पेशी या शिपायासारख्या, विषाणू शिरलेली पेशी ओळखून तिला थेट मारतात. रक्ताच्या काही कर्करोगांत या बी पेशीच बिघडतात आणि वेड्यासारख्या वाढत सुटतात. मग टी पेशी त्यांना मारत का नाहीत? कारण त्या बाहेरून आलेल्या नाहीत. घरातलाच माणूस बिघडला तर शेजाऱ्याला लवकर कळत नाही, तसं. टी पेशी समोरून जातात, पण ओळखत नाहीत.

शास्त्रज्ञांनी इथं युक्ती केली. बी पेशीच्या अंगावर 'सीडी-१९' नावाचं एक प्रथिन असतं, त्यांचा गणवेशच समजा. टी पेशीला तो गणवेश ओळखणारा एक नवा भाग बसवायचा. त्या भागाला म्हणतात कायमेरिक अँटिजेन रिसेप्टर, थोडक्यात 'कार'. (पोरांना कार म्हटलं की मोटारच आठवणार, त्याला इलाज नाही.) कायमेरिक म्हणजे दोन वेगळ्यांचं जोडून एक झालेलं. आपल्याकडं नरसिंहाचं उदाहरण द्यावं, लगेच समजतं. या 'कार'चा बाहेरचा भाग प्रतिपिंडासारखा, म्हणजे ओळखणारा, आणि आतला भाग टी पेशीचा, म्हणजे "मार" असा हुकूम देणारा.

हे प्रत्यक्षात होतं कसं? रुग्णाला यंत्राला जोडून काही तास त्याचं रक्त फिरवतात. त्यातल्या पांढऱ्या पेशी काढून घेतात आणि बाकीचं रक्त परत शरीरात सोडतात. या पेशी प्रयोगशाळेत जातात. तिथं टी पेशी वेगळ्या करून त्यांना जागं करतात. मग एक निकामी केलेला विषाणू वापरतात. विषाणूचं कामच मुळी दुसऱ्याच्या पेशीत आपली जनुकं घुसवायचं. त्याची रोग करणारी जनुकं काढून टाकायची आणि तिथं 'कार' बनवण्याची सूचना ठेवायची. विषाणू पोस्टमनसारखा ती सूचना टी पेशीत पोचवतो. तिथून पुढं ती टी पेशी स्वतःच आपल्या अंगावर 'कार' उगवते, आणि तिच्या पुढच्या पिढ्यांतही तो येतो.

मग वाढवणं. शरीराच्या तापमानाला, पोषक द्रावात, हवेतला एक जंतूसुद्धा शिरणार नाही अशा खोलीत या पेशी काही दिवस वाढवतात. एकीच्या दोन, दोनाच्या चार, असं करत कोट्यवधी होतात. आपल्या भागातल्या पालकांना मी हळदीच्या बेण्यावरून सांगतो. थोडं बेणं राखायचं, ते लावायचं आणि त्याचं शेत भरून पीक घ्यायचं. फरक एवढाच की या बेण्याचं पीक फक्त त्याच शेतात चालतं, दुसऱ्याच्या शेतात नाही. एका रुग्णाच्या पेशी दुसऱ्याला देता येत नाहीत. पेशी पुरेशा झाल्या की तपासण्या होतात, पेशी जिवंत आहेत का, जंतू शिरले का, 'कार' नीट बसला का. मग द्रव नायट्रोजनच्या थंडीत गोठवून रुग्णालयात पाठवतात. तिकडं रुग्णाला आधी थोडी केमोथेरपी देऊन जागा मोकळी करतात आणि मग या पेशी सलाईनसारख्या शिरेतून आत सोडतात.

म्हणजे "एकच इंजेक्शन" हे खरं आहे. फक्त त्या एका इंजेक्शनामागं कित्येक आठवडे, अख्खी प्रयोगशाळा आणि आधी-नंतरचं रुग्णालयातलं राहणं आहे.

दहावीच्या विज्ञान भाग २ मध्ये 'पेशीविज्ञान व जैवतंत्रज्ञान' हा धडा आहे. माध्यमिकच्या सरांनी तो शिकवताना पवई-खारघरचं हे उदाहरण घ्यावं असं मला फार वाटतं. पुस्तकातलं उदाहरण परदेशातलं असलं की पोरं ते परीक्षेपुरतं ठेवतात.

एमिलीची गोष्ट

हा उपचार पहिल्यांदा मिळालेलं लहान मूल म्हणजे अमेरिकेतली एमिली व्हाइटहेड. तिला रक्ताचा कर्करोग होता, केमोथेरपीनंतरही तो परत आला होता. एप्रिल २०१२ मध्ये फिलाडेल्फियाच्या मुलांच्या रुग्णालयात तिला या पेशी दिल्या तेव्हा ती अवघी सहा वर्षांची होती. आपल्या पहिलीतल्या पोरीएवढी.

पेशी आत गेल्यावर लढाई एवढी जोरात झाली की पोरगी मरणाच्या दारात पोचली. टी पेशी एकदम कामाला लागल्या की सायटोकाइन नावाची रसायनं प्रचंड प्रमाणात सोडतात. ताप चढतो, रक्तदाब कोसळतो, श्वास लागतो. तपासणीत दिसलं की त्यातलं एक रसायन फारच वाढलंय. तेव्हा संशोधक कार्ल जून यांना आठवलं की ते रसायन रोखणारं एक औषध सांधेदुखीसाठी वापरतात. त्यांच्या स्वतःच्या मुलीला लहानपणापासून संधिवात होता, म्हणून त्यांना ते माहीत. ते औषध दिलं आणि काही तासांत एमिली सावरली. पुढं तिचा कर्करोगही गेला आणि दहा वर्षं उलटल्यावरही तो परतला नव्हता. तेच सांधेदुखीचं औषध आज जगभर या उपचाराबरोबर हाताशी ठेवतात.

ही गोष्ट मी चौथीच्या वर्गात सांगितली आहे. 'कार' वगैरे काही न सांगता, फक्त शिपाई आणि गणवेश एवढंच. पोरांनी एमिलीपेक्षा जास्त प्रश्न त्या औषधाबद्दल विचारले.

ऑगस्ट २०१७ मध्ये अमेरिकेनं या उपचाराला पहिली मान्यता दिली, ती लहान मुलं आणि २५ वर्षांपर्यंतच्या तरुणांच्या रक्ताच्या कर्करोगासाठी. किंमत होती पावणेपाच लाख डॉलर.

आता आपल्याकडचं बघा. नेक्सकार-१९ ला २०२३ मध्ये जी मान्यता मिळाली ती १५ वर्षं आणि त्यावरच्या रुग्णांसाठी. तिकडं सुरुवात लेकरांपासून झाली आणि आपल्याकडं मान्यतेच्या कागदावर पहिलीतलं, चौथीतलं, सातवीतलं लेकरू आलंच नाही. टाटात लहान मुलांवरही चाचण्या झाल्या आहेत. लहान मुलांवर औषध वापरायचं तर जास्त सावधगिरी हवी हेही मला मान्य आहे. पण मुलांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा कर्करोग हा रक्ताचाच, आणि त्यातही बी पेशींचाच प्रकार जास्त. ज्या आजाराचं मुख्य गिऱ्हाईकच लेकरं आहेत, त्याच्या औषधाच्या रांगेत लेकरं मागं का, हा प्रश्न शिक्षकांनी आणि पालकांनी मोठ्यानं विचारायला पाहिजे.

किमतीचं गणित

परदेशात तीन-चार कोटींचा उपचार आपल्याकडं ३० ते ४० लाखांच्या आसपास आला. जवळपास दहावा हिस्सा. हे काही साधं काम नाही. पेशीत सूचना पोचवणारा तो विषाणू बाहेरून विकत न आणता इथंच बनवला, पेशी विमानानं परदेशी पाठवून परत आणायची गरज ठेवली नाही, आणि मनुष्यबळाचा खर्चही इथं कमी. संशोधकांना नावं ठेवणारा मी कोण? त्यांनी त्यांचा पेपर पहिल्या श्रेणीत सोडवला.

पण महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत एका कुटुंबाला वर्षाचं कवच ५ लाखांचं. उपचार ३०-४० लाखांचा, रुग्णालयाचं राहणं वेगळं. ही वजाबाकी चौथीचं पोर करील. सेनगाव किंवा कळमनुरीच्या कोरडवाहू शेतकऱ्याला उरलेली रक्कम चार कोटी असली काय आणि चाळीस लाख असली काय, दोन्ही आकडे सारखेच लांब.

यावर एक सहकारी मला म्हणाले, "एवढ्या पैशात साध्या केमोथेरपीनं किती लेकरं बरी होतील? सरकारनं तिकडंच खर्च करावा." मुद्दा बिनबुडाचा नाही. मुलांचा रक्ताचा कर्करोग चांगल्या केंद्रात, वेळेवर आणि पूर्ण उपचार झाला तर बहुतेक वेळा साध्या केमोथेरपीनंच बरा होतो. कार-टी लागतो तो ज्यांचा आजार दाद देत नाही किंवा परत उलटतो त्यांनाच. पण मला त्यातूनच उलटा निष्कर्ष दिसतो. अशी लेकरं थोडी आहेत, म्हणूनच राज्याला त्यांचा खर्च उचलणं अशक्य नाही. हजारो-लाखोंचा प्रश्न असता तर तिजोरीचं कारण पटलं असतं. शिवाय या संशोधनाच्या पहिल्या चाचण्यांसाठी केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागानं १९.१५ कोटी रुपये मंजूर केले होते. आयआयटी सरकारी, टाटा सरकारी. म्हणजे काडेपेटीपासून खताच्या पोत्यापर्यंत कर भरणाऱ्या प्रत्येकाचा यात वाटा आहे. कंपनीनं कंपनी म्हणून चालावं, पण सरकारी पैशातून उगवलेल्या झाडाची काही फळं सरकारी दवाखान्यातल्या लेकरांसाठी राखीव असावीत, एवढं मागणं जास्तीचं नाही. आपल्या शिक्षक संघटना वेतनश्रेणी आणि बदल्यांवर निवेदनं देतात, एखादं निवेदन यावरही द्यायला हरकत नाही.

"कायमचा गायब" याबद्दलही स्पष्ट बोलू. चाचण्यांचे निकाल २०२५ मध्ये 'लॅन्सेट हिमॅटॉलॉजी' या नियतकालिकात आले. सुमारे ७३ टक्के रुग्णांना उपचार लागू पडला. इतर सगळे उपाय थकलेल्या रुग्णांत हा आकडा मोठा आहे. पण लागू पडला म्हणजे सगळे कायमचे बरे झाले असं नव्हे. बऱ्याच जणांचा आजार काही महिन्यांनी परत आला. शिवाय हा उपचार चांगल्या-वाईट सगळ्याच बी पेशी मारतो, त्यामुळं नंतर बरेच दिवस इतर आजारांची लागण पटकन होते. आणि हा रक्ताच्या ठरावीक कर्करोगांसाठी आहे. स्तनाच्या, तोंडाच्या, गर्भाशयाच्या कर्करोगासाठी नाही. आपल्याकडं तंबाखू-गुटख्यानं तोंडाचा कर्करोग झालेल्या माणसाला "आता इंजेक्शन निघालंय" म्हणून सांगणं हे क्रूर आहे.

जाता जाता हळदीबद्दल. वसमतच्या बाजारामुळं आपला जिल्हा हळदीचा म्हणून ओळखला जातो आणि "हळदीनं कॅन्सर बरा होतो" हे आपल्याकडं जरा जास्तच अभिमानानं सांगतात. हळदीतल्या घटकावर प्रयोगशाळेत अभ्यास झालेत हे खरं. पण काचेच्या बशीतल्या पेशीवर परिणाम होणं आणि माणूस बरा होणं यात फार मोठं अंतर आहे. कार-टीनं ते अंतर कापायला १९८० च्या दशकापासून २०१७ उजाडलं. हळद भाजीत घाला, दुधात घाला, पण तिच्या भरवशावर लेकराची केमोथेरपी थांबवू नका.

शाळेत आपण काय बघायचं

डॉक्टर सापडायला तालुक्याला जावं लागतं, पण शिक्षक लेकराला रोज सहा तास बघतो. पोरगं पांढरंफटक पडत चाललंय, ताप आठ-पंधरा दिवस जाऊन-येऊन आहे, मार न लागता अंगावर निळे डाग उठतायत, हिरड्यांतून रक्त येतंय, हाडं दुखतात म्हणून खेळायला उठत नाही, मानेत-काखेत गाठी लागतायत, यातलं दोन-तीन एकत्र दिसलं तर "अशक्तपणा आहे, टॉनिक द्या" म्हणून सोडू नये. बहुतेक वेळा दुसरंच काही निघेल. पण रक्ताची एक साधी तपासणी करायला सांगण्यानं काही बिघडत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं, तेव्हा वजन-उंचीच्या घाईत हे राहून जातं. अशी नावं आधीच कागदावर लिहून ठेवावीत आणि पथकातल्या डॉक्टरांच्या हातात द्यावीत.

दुसरं, परत आलेलं लेकरू. साध्या केमोथेरपीचा उपचारही दोन-अडीच वर्षं चालतो. एका गावात शिकवत असताना माझ्या वर्गातला तिसरीचा एक मुलगा असाच मुंबईहून परत आला. डोक्यावर केस नाहीत, तोंडाला मास्क. दुसऱ्याच दिवशी दोन पालक आले, "आमच्या पोराला त्याच्याजवळ बसवू नका." कर्करोग शिवण्यानं, डबा वाटून खाण्यानं, एका बाकावर बसण्यानं होत नाही, हे मी त्यांना सांगितलं. उलट धोका आहे तो त्यालाच, तुमच्या पोराच्या सर्दीचा. त्याचा मास्क तुमच्यासाठी नाही, त्याच्या स्वतःसाठी आहे. एक जण समजले, दुसऱ्यांना आठवडा लागला. वर्गातल्या पोरांना मात्र काहीच समजवावं लागलं नाही, त्यांनी पहिल्याच सुट्टीत त्याला कॅरमला बसवलं.

अशा मुलाचं नाव पटावरून कमी होऊ देऊ नये. पाठ्यपुस्तकं आणि स्वाध्याय मुंबईला पाठवता येतात, फोनवर वाचन घेता येतं. उपचार संपल्यावर कोणत्या लसी परत घ्यायच्या हे डॉक्टर सांगतात, ते घरच्यांना आठवणीनं विचारायला सांगावं. वर्गात कांजिण्या किंवा गोवर निघाला तर त्याच दिवशी त्याच्या घरी फोन करावा. त्या लेकरासाठी ती साधी गोष्ट नसते.

आणि कोणा पालकावर टाटाला जायची वेळ आलीच, तर एवढं त्यांना नक्की सांगा: आता हिंगोलीहून मुंबईला जनशताब्दी आहे. राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आहे, लहान मुलांच्या कुटुंबांसाठी सेंट ज्यूड संस्थेची मोफत केंद्रं आहेत. गेल्या-गेल्या रुग्णालयातल्या वैद्यकीय समाजसेवकांना भेटायचं, कारण योजना आणि मदतनिधी यांची वाट तिथूनच सुरू होते. रेशन कार्ड, आधार आणि जुने सगळे रिपोर्ट सोबत. बोनाफाईड लागलं तर त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर पाठवायचं, मुख्याध्यापक रजेवर असले तरी.